'फैज' आणि 'फायदा' : एका शब्दाच्या अनुवादाविषयी

उर्दू कवितेचा मराठी अनुवाद वर्गात घेताना 'फैज' या शब्दापाशी हमखास अडायला होते. हुबळी-धारवाडच्या आपल्या विद्यार्थ्यांच्या घरात दखनी, बाजारात कन्नड आणि तासाला मराठी. 'फायदा' हा शब्द तिन्हीकडे त्यांच्या ओळखीचा. त्यामुळे 'फैज म्हणजे फायदा' असे उत्तर चटकन येते. उर्दू लिपीत मात्र फरक उघड दिसतो : 'फैज'च्या शेवटी ज्वाद आहे, 'फायदा'त दाल. धातू दोन, अर्थही दोन. 'इस्तिफादा' आणि 'इस्तिफाजा' ही जोडीही अशीच फसवी.

'फैज'च्या अरबी धातूचा मूळ अर्थ पाणी काठोकाठ भरून बाहेर वाहणे असा आहे. कुरआनात अश्रूंनी भरून वाहणाऱ्या डोळ्यांसाठी हाच धातू येतो (सूरह माइदा, आयत 83), आणि अरफातहून निघणाऱ्या हाजींच्या लोंढ्यासाठीही (सूरह बकरह, आयत 198). फाराबी व इब्न सीना यांनी त्याला तत्त्वज्ञानाची परिभाषा केले : आदितत्त्वातून सृष्टी ओसंडते, तरी ते तत्त्व उणे होत नाही. सूफींच्या बोलण्यात मुर्शिदाकडून मुरीदाला लाभतो तो फैजच.

मराठी अनुवादात यासाठी 'कृपा' हा शब्द सहज सुचतो. अर्थ अगदीच चुकतो असे नाही, पण त्यातले पाणी आटते. खरी पंचाईत होते ती 'बेफैज' आला की. 'कृपाहीन' म्हणजे सामान्यतः ज्याला कृपा लाभली नाही तो. 'बेफैज' म्हणजे ज्याच्याकडून कुणालाच काही मिळत नाही तो. न देणाऱ्यावरचा ठपका असा न मिळालेल्याच्या माथी बसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे नाम शोधत बसण्यापेक्षा 'ओसंडणे' हे क्रियापद वापरावे. 'ओघ' जवळचा खरा, पण तो दोन काठांच्या आत राहतो.

तखल्लुसाचा प्रश्न निराळा. अकबराच्या दरबारातील फैजी (1547–1595) उत्तरायुष्यात 'फय्याजी' म्हणवू लागला. फैज अहमद फैज (1911–1984) यांचे नाव मक्त्यात आले की उर्दू वाचकाला शब्दाचा अर्थही ऐकू येतो. मराठीत निव्वळ नाव उरते. त्याला तळटीपेखेरीज उपाय दिसत नाही. मात्र 'कट्यार काळजात घुसली' (1967) या नाटकामुळे गायिका-अभिनेत्री फय्याज यांचे नाव मराठी रसिकांना परिचित आहे. ते याच धातूचे, अर्थ भरभरून देणारा. वर्गात तळटीपेआधी एवढा दुवा सांगितला तरी पुरतो.