घर आणि राज्यसत्ता : नयनतारा सहगल यांचे लेखन

नयनतारा सहगल (जन्म १९२७) यांच्या इंग्रजी लेखनाची आत्मकथन, कादंबरी आणि चरित्र अशी विभागणी करण्याचा प्रघात सोयीचा असला, तरी तो पुरेसा नाही. या तिन्ही प्रकारांतून लेखिका एकाच प्रश्नाकडे वळत राहिली आहे : घर आणि राज्यसत्ता यांतील सीमारेषा पुसट होते, तेव्हा व्यक्तीने आपली निष्ठा कोठे ठेवावी?

'प्रिझन अँड चॉकलेट केक' (१९५४) या आत्मकथनात हा प्रश्न अद्याप उद्भवलेला नाही. पोलीस वडिलांना अटक करावयास येतात आणि मुले चहाच्या वेळी केक खातात. तुरुंग हा या घराच्या दिनक्रमाचाच भाग आहे. 'राजतरंगिणी'चे इंग्रजी भाषांतर करणारे रणजित सीताराम पंडित, लेखिकेचे महाराष्ट्रीय वडील, कारावासाने खचून १९४४ मध्ये निवर्तले. तरीही निवेदनाचा सूर प्रसन्न आहे. घराची श्रद्धा आणि देशाचे भवितव्य यांत अंतर पडू शकते, ही शंका त्याला शिवलेली नाही.

'धिस टाइम ऑफ मॉर्निंग' (१९६५) आणि 'स्टॉर्म इन चंदीगढ' (१९६९) या कादंबऱ्यांत ती शंका प्रवेश करते. मात्र येथील जग मंत्री, सनदी अधिकारी आणि उद्योजक यांचे आहे. सामान्य माणूस दिवाणखान्याच्या खिडकीतून दिसावा, तसा दुरून दिसतो. ही मर्यादा नाकारण्यात अर्थ नाही.

'रिच लाइक अस' (१९८५) मध्ये लेखिकेने या मर्यादेलाच विषय केले आहे. आणीबाणीत पदावनत झालेली अधिकारी सोनाली रानडे आपल्याच वर्गाच्या मौनाची झडती घेते. आजोबांच्या हस्तलिखितातील सतीची हकीकत आणि सत्तेपुढे मान तुकविणारे वर्तमान समोरासमोर येतात, तेव्हा अन्याय हा परकीयांचाच वारसा नव्हे, हे उमगते. या कादंबरीस १९८६ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. तो त्यांनी २०१५ मध्ये परत केला.

मामेबहीण असलेल्या इंदिरा गांधींवरील त्यांचे १९७८ चे पुस्तक व १९८२ मधील त्याची विस्तारित आवृत्ती येथे निर्णायक ठरतात. व्यक्तिस्वभावावर भर दिल्याने आर्थिक-सामाजिक कारणांचा विचार तेथे तोकडा पडतो. परंतु आप्तसंबंध हा मौनाचा करार नव्हे, ही त्या लेखनामागील नैतिक भूमिका मोलाची आहे.

यवतमाळ येथील २०१९ च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाचे त्यांना दिलेले निमंत्रण मागे घेण्यात आले, तेव्हा हा प्रश्न मराठी वाङ्मयव्यवहाराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. त्यांचे न झालेले भाषण मराठीत आवर्जून वाचले गेले. ज्या लेखिकेने आपल्या घरालाही प्रश्न विचारले, तिला वडिलांच्या भाषेच्या घरात बोलता आले नाही. सहगल यांच्या साहित्याचा विचार करताना मराठी अभ्यासकाने ही घटना चरित्राच्या तळटीपेत ढकलू नये. त्यांच्या लेखनाचे मध्यवर्ती सूत्रच तीत प्रत्ययास येते.