फादर स्टीफन्स यांचे सागरपत्र : एक वाचन

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव मराठी ख्रिस्ती वाचकाला ‘ख्रिस्तपुराणा’मुळे ठाऊक असते. 1616 साली गोव्यातील राशोल येथे छापलेला तो ओवीबद्ध ग्रंथ आपल्या साहित्याचा मानबिंदू आहे, आणि त्याच्याविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ग्रंथकार होण्याच्या फार आधी, मराठीचे एक अक्षरही येत नसताना, याच स्टीफन्स यांनी आपल्या वडिलांना गोव्याहून एक इंग्रजी पत्र लिहिले होते. त्या पत्रावर 10 नोव्हेंबर 1579 ही तारीख आहे. शतकाच्या अखेरीस रिचर्ड हॅक्लुट यांच्या इंग्रजी प्रवाससंग्रहात ते छापले गेले. भारतात येऊन स्थायिक झालेल्या पहिल्या इंग्रजाचे पत्र म्हणून इतिहासकार त्याचा उल्लेख करतात आणि पुढे जातात. प्रस्तुत लेखात त्या पत्राकडे एका वेगळ्या बाजूने पाहावयाचे आहे. समुद्रातील जीवसृष्टीविषयीचे लेखन म्हणून त्याची योग्यता काय, आणि त्याच्यासमोर आपल्या मराठी साहित्यातील समुद्र कसा दिसतो, हा आपला प्रश्न आहे.

हा प्रश्न हट्ट्यासारख्या गावी बसून विचारणे कोणाला विचित्र वाटेल. वसमत तालुक्यातील या काळ्या मातीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. येथील कित्येक मुलांनी तो चित्रातच पाहिलेला असतो. तरीही या शेतांवर पडणारा पाऊस समुद्रावरून येतो आणि पूर्णेला मिळालेले पाणी गोदावरीतून पुन्हा समुद्राकडेच जाते. म्हणून हा प्रश्न केवळ किनाऱ्यावरच्या लोकांचा नाही.

4 एप्रिल 1579 रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स 24 ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. सहा महिन्यांहून अधिक काळ जहाजावर काढलेल्या तरुणाच्या पत्रात वादळे, रोगराई आणि घरची ओढ असणार, अशी आपली अपेक्षा असते. प्रवासाचे हाल त्यात आहेतच. परंतु लेखकाची नजर पुनःपुन्हा पाण्याकडे जाते. गिनीच्या किनाऱ्यालगत वारा पडलेला असताना पाण्यावर तरंगणारी एक वस्तू त्यांना दिसते. तिला कोंबड्याच्या तुऱ्यासारखा, पण त्याहून सुंदर रंगाचा भाग आहे आणि खाली पाण्यात दोऱ्या लोंबत आहेत. तिला स्पर्श करणे अत्यंत धोक्याचे, असे ते नोंदवतात. वाचताक्षणी ओळख पटावी इतके हे वर्णन नेमके आहे. पावसाळ्यात मुंबईच्या जुहू-गिरगावच्या वाळूवर येऊन लोकांना डंख करणारी ‘ब्लू बॉटल’ ती हीच. शास्त्रज्ञ तिला फायसेलिया म्हणतात.

पुढे उडत्या माशांचा प्रसंग येतो, आणि पत्रातील हा सर्वांत सरस भाग होय. हेरिंगएवढा, म्हणजे साधारण आपल्या बांगड्याएवढा हा मासा थव्याने राहतो. त्याला दोन वैरी : पाण्यात आल्बाकोर नावाचा कुप्याच्या जातीचा मोठा मासा, आणि हवेत एक समुद्रपक्षी. मासा पंख पसरून पाण्याबाहेर झेपावतो. वैरी कधी त्याच्यामागे उडी घेतो, तर कधी पाण्याखालून त्याच दिशेने धावत राहतो. दमलेला मासा खाली उतरतो तो नेमका त्याच्या तोंडी, किंवा त्याआधीच पक्ष्याच्या चोचीत. येथे लेखकाने एकही उपदेश जोडलेला नाही. गुरुकुलातून नुकत्याच बाहेर पडलेल्या तरुणाला या दृश्यावर प्रवचन रचणे काही कठीण नव्हते. त्याने तसे केले नाही. जे दिसले ते क्रमाने सांगितले आणि दया वाचकावर सोपवली. धर्मोपदेश करणाऱ्या आम्हा मंडळींनी या संयमाकडे लक्ष द्यावे.

तिसरा प्रसंग शार्कचा. त्याच्या पुढे आणि दोन्ही बाजूंना निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे सहा-सात छोटे मासे सेवकांसारखे चालतात. आणखी काही मासे त्याच्या अंगाला चिकटून असतात आणि त्याच्या अंगावर वाढणारे नको ते खाऊन टाकतात, असे दिसते. ते त्याच्या शरीरात शिरून आतूनही सफाई करतात, असे सांगितले जाते. ‘दिसते’ आणि ‘सांगितले जाते’ यांतील भेद स्टीफन्स यांनी राखला आहे. ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीत मिसळू न देणे हा अभ्यासकाचा पहिला गुण. अंगाला चिकटणारे रेमोरा मासे यजमानाच्या अंगावरील परोपजीवी जंतू खातात, हे पुढे शास्त्रानेही मान्य केले.

आणि शेवटी, भारताचा किनारा जवळ आल्याच्या खुणा. प्रथम ओळखीचे पक्षी, मग ताडामाडाच्या झावळ्या, मग पाण्यावर पोहणारे साप, आणि जणू निसर्गाने ठसा उमटवलेली, नाण्यासारखी गोल, चपटी एक वस्तू. ही वस्तू बहुधा पॉर्पिटा नावाचा निळसर प्राणी असावा. त्याची गोल तबकडी आजही कोकण-गोव्याच्या वाळूवर सापडते. सापांची खूण तर फार प्राचीन. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथातही किनारा जवळ आल्याचे चिन्ह म्हणून समुद्रसाप नमूद आहेत. म्हणजे ज्याला आज आपण परिसंस्थेचे निदर्शक जीव म्हणतो, ते ज्ञान खलाशांपाशी दीड हजार वर्षे होते.

स्तुती पुरे. समीक्षकाने उणिवाही सांगितल्या पाहिजेत. उडत्या माशाला पर नसतात, असे स्टीफन्स लिहितात. वस्तुतः त्याचे पंख म्हणजेच त्याचे छातीकडील वाढलेले पर. फायसेलियाच्या दोऱ्या तिला उलटू देत नाहीत, असा त्यांचा तर्क आहे. विष त्याच दोऱ्यांत असते आणि भक्ष्य पकडण्याचे काम त्याच करतात, हे त्यांनी जोडून पाहिलेले नाही. ज्याला ते एक वस्तू म्हणतात, तो खरे तर अनेक घटकजीवांचा संघ आहे : कोणी तरंगण्याचे काम करतो, कोणी शिकारीचे, कोणी पचनाचे. हे कळावयास सूक्ष्मदर्शक हवा होता, त्याचा दोष त्यांना देता येत नाही. परंतु एक उणीव काळावर ढकलता येणार नाही. ज्या खलाशांनी त्यांना साप आणि नाणे यांचा अर्थ सांगितला, त्यांपैकी कोणाचाही चेहरा पत्रात उमटत नाही. ज्ञान आले, ज्ञानी माणूस राहून गेला.

या पत्राचे खरे मोल त्याच्या व्याप्तीत आहे. वारा का पडतो, साचलेल्या पावसाच्या पाण्यात किडे कसे होतात, कोण कोणाला खातो, कोण कोणाच्या आश्रयाने जगतो, किनारा कशाने ओळखावा, हे सारे एकाच नजरेच्या कक्षेत येते. आजचे सागरविज्ञान याच प्रश्नांना वेगवेगळ्या दालनांत विचारते. 1959 ते 1965 या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून प्रेरणा घेऊन 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यातच, दोना पावला येथे आहे. स्टीफन्स ज्या किनाऱ्यावर उतरले, तेथेच आज जीवशास्त्र, रसायन, भूगर्भ आणि प्रवाह यांचे अभ्यासक एका छपराखाली काम करतात.

या दालनांमधील भिंती किती पातळ आहेत, याची दोन उदाहरणे देतो. 2000 साली एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पावसाळ्याच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे खालचे पाणी प्राणवायूविना होते आणि त्यातून नायट्रस ऑक्साइड हा वातावरण तापवणारा वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. ही स्थिती तीव्र होण्यामागे जमिनीवरून वाहून येणारे खतांतील नत्रही असू शकेल, असे त्यांनी सुचवले. दुसरे उदाहरण हेल्गा दो रोझारिओ गोम्स आणि जोकिम गोएस यांचे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या व सहकाऱ्यांच्या संशोधनानुसार, हिवाळ्यात उत्तर अरबी समुद्रात पूर्वी डायटम या सूक्ष्म वनस्पतींचा बहर येई, आता तेथे हिरव्या नॉक्टिल्युकाचे साम्राज्य आहे. हा जीव आपल्या पोटात दुसरा हिरवा सूक्ष्मजीव बाळगतो, आणि माशांच्या नेहमीच्या अन्नसाखळीत तो सहजी बसत नाही. या बदलाच्या कारणांविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. परंतु वारे, प्राणवायू आणि कोळ्याचे जाळे यांचा विचार एकमेकांपासून तोडून करता येत नाही, याविषयी मतभेद नाही.

नक्वींचा प्रश्न पश्चिम किनाऱ्याचा आहे आणि आपली गोदावरी पूर्वेस, बंगालच्या उपसागराला मिळते. तेथेही खोलवर अत्यल्प प्राणवायूचा थर आहे. म्हणून हळदीच्या आणि सोयाबीनच्या शेतात युरियाचे पोते रिकामे करताना, यातले किती पिकाला लागते आणि किती पुढे वाहते, हा प्रश्न या गावातल्या शेतकऱ्याचाही होतो.

आता आपल्या साहित्याकडे वळू. मराठी वाचकाच्या मनातला समुद्र प्रामुख्याने कवितेने घडवला आहे. सावरकरांच्या ‘सागरा प्राण तळमळला’मध्ये तो मातृभूमीकडे नेण्याची विनवणी ऐकणारा श्रोता आहे. कुसुमाग्रजांच्या ‘कोलंबसाचे गर्वगीता’त तो मानवी जिद्दीपुढे उभा ठाकलेला प्रतिस्पर्धी आहे. दोन्ही कविता थोर आहेत, आणि त्यांनी मासे मोजावेत अशी मागणी करणे अरसिकपणाचे ठरेल. तक्रार कवितांविषयी नाही. त्यांच्याशेजारी पाठ्यपुस्तकांत आणि घरातल्या फळीवर, समुद्राकडे समुद्र म्हणून पाहणारे ललित गद्य तितक्या ठळकपणे उभे राहिले नाही, याची खंत आहे. त्यामुळे समुद्र म्हणजे आपल्या भावनांचा आरसा, एवढेच आपण शिकलो. आरशाच्या आत कोणी राहते, हे शिकायचे राहिले.

शब्दांचे दारिद्र्य हे त्याचे कारण नव्हे. बोंबील, घोळ, रावस, मुशी, तारली, कालवे, तिसऱ्या ही नावे वसई-उत्तनपासून मालवणपर्यंतच्या घराघरांत जिवंत आहेत. प्रत्येक नावामागे ऋतूचे, खोलीचे, जाळ्याचे ज्ञान आहे. संशोधन इंग्रजीत होते आणि हे ज्ञान बोलीत राहते. दोघांच्या मध्ये साहित्याने उभे राहावयास हवे, आणि नेमकी तीच जागा बरीचशी रिकामी आहे.

स्टीफन्स यांच्याकडून येथे काही शिकण्यासारखे आहे. 1583 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले. ज्या डोळ्याने समुद्रातील सोबती जीव टिपले, त्याच डोळ्याने भाषांचे नाते टिपले. त्यानंतर ती भाषा शिकून त्यांनी तिच्यात महाकाव्य रचले. दुर्दैव एवढेच, की त्यांचा समुद्र इंग्रजीत राहिला आणि त्यांची मराठी राशोलच्या भूमीवर फुलली. या दोहोंचा संगम करण्याचे काम त्यांनी आपल्यासाठी ठेवले, असे मला वाटते.

ते काम विद्वानांनीच करावे असे नाही. किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांतील तरुणांनी आपल्या आजोबांकडून माशांची नावे, त्यांचे हंगाम आणि पाण्याच्या खुणा टिपून घ्याव्यात, आणि सांगणाऱ्याचे नावही त्याच्या संमतीने सोबत लिहावे, म्हणजे स्टीफन्स यांच्या पत्रातील उणीव आपल्या हातून पुन्हा घडणार नाही. मराठवाड्यातील आपल्या शिक्षकांनी ते लेखन वर्गात वाचून दाखवावे. पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवावे, आणि उपदेशाची घाई करू नये. एवढी पथ्ये पाळली, तर साडेचारशे वर्षांपूर्वीच्या त्या पत्राला मराठीतून उत्तर पाठवल्यासारखे होईल.