देसाईगंजचा निकाल आणि सुसान्नेची बाग

साहित्याला वाहिलेल्या या पानांवर न्यायालयाच्या निकालपत्राची समीक्षा कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर साधे आहे. निकालपत्र हीदेखील एक गद्यकृती असते. तिच्यात कथा असते, पात्रे असतात, काय सांगावे व काय गाळावे याची निवड असते. आणि तिच्या शेवटच्या वाक्यावर जिवंत माणसे सुटतात वा अडकतात. स्त्रीवर अत्याचार झाला की तिचा पोशाख, तिची वेळ, तिची चालचलणूक यांचीच चर्चा प्रथम सुरू होते. ही सवय कोठून येते हे समजून घ्यावयाचे असेल, तर आमच्या या वनप्रदेशातील एका घटनेवरचे निकालपत्र वाचले पाहिजे.

घटना २६ मार्च १९७२ च्या रात्रीची. स्थळ देसाईगंज, म्हणजेच वडसा. तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होते, १९८२ पासून गडचिरोलीत आहे. चौदा ते सोळा वर्षांची एक पोरकी, मजुरी करणारी आदिवासी मुलगी भावाच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात आणली गेली. जबाब झाल्यावर नातेवाइकांना बाहेर जाण्यास सांगून तिला मागे ठेवण्यात आले. एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला आणि हवालदाराने तिचा विनयभंग केला, असा आरोप होता. हे प्रकरण देशभर त्या मुलीच्या नावानेच ओळखले जाते. आम्ही ते नाव येथे लिहीत नाही. नाव लपवावयाचे असलेच तर ते दुसऱ्या कोणाचे असावयास हवे होते, हेही आम्ही जाणतो. तथापि पीडितेची ओळख उघड करू नये हा आजचा कायदा आहे, आणि तो योग्य आहे.

या एकाच कथेची तीन न्यायालयांनी तीन वाचने केली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिला खोटे बोलणारी ठरविले, तिच्या पूर्वचारित्र्याकडे बोट दाखविले आणि आरोपींना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरविला. भीतीने गप्प राहून शरण जाणे निराळे आणि मनापासून संमती देणे निराळे, हा भेद त्याने स्पष्ट केला. शिपायास पाच वर्षांची व हवालदारास एक वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडले.

या शेवटच्या निकालपत्राची रचना पाहण्याजोगी आहे. तिच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकाराची गोष्ट खोटी. जवळच असलेल्या आप्तांना तिने हाक मारली नाही, मुकाट्याने मागे गेली, म्हणून संमती. येथे जे जे मोजले गेले ते सर्व तिचे आहे: तिचे शरीर, तिचा आवाज, तिचे पाऊल. मोजावयाचे राहिले ते निराळेच. ठाणे कोणाचे होते, रात्र किती झाली होती, गणवेश कोणाच्या अंगावर होता आणि आप्तांना बाहेर कोणी घालविले, या प्रश्नांना निकालाच्या निष्कर्षात वजन नाही. कथेतील सर्वांत बलवान पात्रे पडद्याआड राहिली आणि सर्वांत दुबळे पात्र एकटे प्रकाशात उभे केले गेले. कादंबरीत हा दोष रसभंग करतो, न्यायदानात तो माणसाचा घात करतो.

हा दोष प्रथम चार विधिप्राध्यापकांनी उघड केला. उपेंद्र बक्षी, वसुधा धगमवार, रघुनाथ केळकर व लोतिका सरकार यांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. दोन पोलिसांच्या ताब्यात, ठाण्याच्या भिंतींआड सापडलेल्या अल्पवयीन मुलीने आरडाओरडा करावा ही अपेक्षा कोणत्या आधारावर, असा त्या पत्राचा रोख होता. मुलीला रात्री ठाण्यात ठेवून घेण्याबद्दल निकालात निषेधाचा शब्दही नाही, हेही त्यांनी दाखविले. पत्राची भाषा अभ्यासकाची आहे, पण तिच्याखाली धग आहे. फेरविचाराचा अर्ज फेटाळला गेला, परंतु ८ मार्च १९८० रोजी अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते गृहीत धरावे, असे ठरले. शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानू नये, हे २०१३ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिले गेले. देसाईगंजच्या मुलीला मात्र यातले काहीच मिळाले नाही.

'ती ओरडली का?' हा प्रश्न बायबलच्या वाचकाला नवा नाही. अनुवाद ग्रंथाच्या बाविसाव्या अध्यायात नगर आणि रान असा भेद केला आहे. नगरात स्त्री ओरडली नाही तर तिलाही दोषी धरले आहे. रानात मात्र ऐकणारे कोणी नव्हते म्हणून तिला निर्दोष मानले आहे. नगराचा नियम आज आपल्याला कठोर वाटेल. पण ऐकून धावून येणारा कोणी होता का, हे त्या प्राचीन शास्त्रकारानेही विचारले. ठाण्यात ऐकणारे तेच होते, ज्यांच्यापासून वाचावयाचे होते. गावाच्या मध्यावर उभी असलेली ती इमारत त्या रात्री रानच होती.

दानिएलच्या तेराव्या अध्यायातील सुसान्ना तर मोठ्याने ओरडते. त्याचा उपयोग काय झाला? दोन्ही वडीलधारे न्यायाधीश तिच्याविरुद्ध ओरडू लागले. चोराच्या उलट्या बोंबा! लोकांनी विश्वास पदावर ठेवला. ती सभेपुढे पदर घेऊन आली, तर तिचा पदर काढण्याचा हुकूम त्यांनीच दिला. विनयशील वस्त्राने तिचे रक्षण केले नाही, उलट तेच प्रथम हिरावले गेले. पुढे दानिएल येतो आणि या कथेचे मर्म प्रकट होते. तो सुसान्नेला एकही प्रश्न विचारीत नाही. दासींना का पाठविलेस, बागेत एकटी का होतीस, काहीच नाही. तो त्या दोघांना वेगळे करतो आणि प्रश्न त्यांना विचारतो. दोघे दोन निराळ्या झाडांची नावे घेतात आणि खोटे उघडे पडते.

तरीही या कथेची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. सुसान्ना श्रीमंत घरची, पतिव्रता, धर्मशास्त्र शिकलेली आहे. तिची बाजू घेणे वाचकाला सोपे जाते. देसाईगंजच्या मुलीला ना घर होते, ना पदरी प्रतिष्ठा. निष्कलंक स्त्रीलाच न्याय मिळावा असे म्हणणारा समाज न्यायाला बक्षीस समजतो. न्याय हे बक्षीस नव्हे.

पोशाखाचा वाद याच जुन्या वाचनाची नवी आवृत्ती आहे. जानेवारी २०१४ मध्ये राज्य महिला आयोगाच्या तेव्हाच्या सदस्य आशा मिरगे यांनी नागपुरात बलात्कारांच्या कारणांत स्त्रियांचे कपडे व वागणूक यांचा उल्लेख केला. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली. २०२२ मध्ये कोझिकोडच्या सत्र न्यायालयाने तक्रारदार स्त्रीचा पोशाख उत्तेजक असल्याचा शेरा मारला. केरळ उच्च न्यायालयाने तो काढून टाकला. आपल्याच भामरागडकडच्या जुन्या माडिया स्त्रिया कमरेच्या वर वस्त्र घेत नसत आणि त्यात त्यांना कसलाही संकोच नव्हता. मर्यादेचे माप स्थळकाळाप्रमाणे बदलते, जबरदस्ती मात्र सगळीकडे जबरदस्तीच असते. 'विनयभंग' हा आपल्या कायद्यातला शब्दच पाहावा. विनय तिचा, भंग करणारा तो. आपण तिचा विनय मोजत बसतो आणि भंग करणाऱ्याला विसरतो.

आता स्वतःकडे वळणे प्राप्त आहे, कारण वेदीवरून बोलणारे आम्हीही या दोषातून सुटलेलो नाही. मंदिरात शालीन वेशात यावे असे सांगण्यात गैर नाही. ती देवाविषयीची आदरभावना आहे, आणि ती मुलग्यांनाही लागू आहे. पण त्याच प्रवचनात, त्याच श्वासात, आम्ही मुलींच्या कपड्यांचा संबंध वर्तमानपत्रातील अत्याचारांशी जोडला आहे. ऐकणाऱ्यांत एखादी अशी बसली असेल, जिने काही सोसले आहे पण सांगितले नाही. तिने त्या दिवशी काय ऐकले असेल? १९०२ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी मारल्या गेलेल्या संत मारिया गोरेटीचा सण आम्ही साजरा करतो. मरताना हल्लेखोराला क्षमा करणाऱ्या त्या बालिकेचे स्मरण जरूर करावे. परंतु जी जिवंत राहिली तिची शुद्धता कमी पडली, असा ध्वनी निघाला तर तो तिच्यावरचा दुसरा अत्याचार ठरतो. ४१० मध्ये रोम लुटले गेले तेव्हा पीडित स्त्रियांविषयी संत ऑगस्टीन यांनी स्पष्ट लिहिले, की शुद्धता हा मनाचा गुण आहे, दुसऱ्याच्या पापाने ती मलिन होत नाही. आणि प्रभू येशूने डोंगरावरील प्रवचनात वासनेची जबाबदारी पाहणाऱ्याच्याच डोळ्यावर ठेवली. तिच्या वस्त्राविषयी तो एक अक्षरही बोलला नाही.

कायद्याने आपले वाचन पुष्कळ सुधारले आहे. आपले सुधारणे बाकी आहे. उद्या आपल्या धर्मग्रामातील एखादी मुलगी रडत दाराशी आली, तर तोंडातून पहिला प्रश्न कोणता निघेल? 'तू काय घातले होतेस?' की 'तो कोण होता?' सुसान्नेच्या बागेत हा दुसरा प्रश्न विचारणारा एक कोवळा मुलगा तरी होता. आपल्या घरी तो कोण विचारणार, हे प्रत्येक कुटुंबाने आजच ठरवावे.