चढ, उतार आणि बाकावरच्या आजी

भारतातून आई-वडील आले की आपल्याकडचा कार्यक्रम ठरलेला असतो. नायगारा, वॉशिंग्टन, पिट्सबर्गचा बालाजी, आणि मुलांनी उन्हाळाभर धोशा लावलेला असतो म्हणून एक दिवस अम्युझमेंट पार्क. कुठलं, ते मुलंच इंटरनेटवर बघून ठरवतात, आणि त्यांची कसोटी एकच: सगळ्यात उंच रोलर कोस्टर कुठे आहे? आई-बाबा तिकिटं काढतात, आजी-आजोबा बाकावर बसून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात, आणि परतताना गाडीत मुलं सोडून सगळे चिडचिडे झालेले असतात.

माझी तक्रार त्या कसोटीबद्दल आहे. गेली पंचवीस वर्षं मी हौसेनं रोलर कोस्टरमध्ये बसते आहे. पन्नाशी कधीच उलटली, गुडघे कुरकुरतात, पण हौस जात नाही. मंडळाच्या पिकनिकला बाकीच्या बायकांना आळूवडीची कृती विचारतात, मला मुलं विचारतात, "काकू, पहिल्या रांगेत बसू की शेवटच्या?" नाटकवेड्या माणसाला जशी नाटकांबद्दल मतं असतात, तशी मलाही कोस्टरबद्दल आहेत. ती आज जरा सविस्तर मांडते. पटली नाहीत तर गणपतीच्या आरतीनंतर भेटूच.

कोस्टरमध्ये मजा नेमकी कशाची असते? उंचीची नसते, वेगाचीही फारशी नसते. आपण टेकाडाच्या माथ्यावर पोचतो, शरीर वर जायला निघालेलं असतं आणि रूळ आपल्याला खाली ओढतो. त्या क्षणी बूड सीटवरून सुटतं आणि आपण अधांतरी असतो. शौकीन त्याला 'एअरटाइम' म्हणतात. गाडी रुळावरून उचलली जाऊ नये म्हणून रुळाच्या खालच्या बाजूनेही चाकं असतात. ही युक्ती जॉन मिलर नावाच्या कारागिराची, १९१९ च्या सुमाराची. ती चाकं आली आणि मग उतार खरोखरचे उतार झाले. त्याआधीच्या गाड्या बिचाऱ्या जपूनच चालायच्या. तेव्हा चांगला कोस्टर म्हणजे असे अधांतरी क्षण कुठे द्यायचे, किती द्यायचे आणि मध्ये श्वास कधी घेऊ द्यायचा, याची रचना. गाण्याच्या बैठकीत नुसत्या ताना मारणाऱ्या गवयाला आपण चांगला गवई म्हणत नाही. लय लागते, थांबा लागतो, समेवर येणं लागतं.

आता ते उंचीचं प्रकरण. ओहायोतल्या सीडर पॉइंटने १९८९ साली 'मॅग्नम' बांधला, २०५ फुटांचा. २००० साली 'मिलेनियम फोर्स' आला, ३१० फूट. २००३ साली 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर', ४२० फूट. मग न्यू जर्सीच्या ग्रेट ॲडव्हेंचरला राहवेना, त्यांनी २००५ साली 'किंगडा का' उभा केला: ४५६ फूट, ताशी १२८ मैल. शेजाऱ्याने दोन मजले चढवले म्हणून आपण तीन चढवायचे, तसं. मी 'किंगडा का'मध्ये बसले आहे. बंदुकीतून गोळी सुटावी तशी गाडी सुटते, सरळ वर जाते, सरळ खाली येते, आणि अर्ध्या मिनिटात आपण परत. थरार आहे, नाही म्हणणार नाही. पण ते नाटक नव्हे, ती नुसती तिसरी घंटा. (कधी कधी गाडी माथ्यापर्यंत पोचायचीच नाही आणि उलटी घसरत खाली यायची. शौकीन लोक त्यालाच भाग्य समजत. आम्ही मंडळी अशीच आहोत.) वारा सुटला की बंद, बिघाड झाला की बंद. शेवटी २०२४ च्या नोव्हेंबरात तो कायमचा बंद झाला आणि २८ फेब्रुवारी २०२५ रोजी सुरुंग लावून पाडला. एकोणीस वर्षं, संपलं. ड्रॅगस्टरचंही तसंच. २०२१ साली त्याच्या गाडीचा लोखंडी तुकडा उडून रांगेतल्या एका बाईंना गंभीर इजा झाली. पुढे तो बदलून 'टॉप थ्रिल २' म्हणून २०२४ च्या मे महिन्यात उघडला, जेमतेम आठवडाभर चालला, आणि त्या वर्षी पुन्हा काही उघडला नाही.

सीडर पॉइंटवर माझा राग आहे असं कुणी समजू नये. 'मिलेनियम फोर्स' उंच असूनही सुंदर आहे, कारण तो उतरल्यावर संपत नाही. एका बाजूला ईरी सरोवराचं पाणी, आणि गाडी मोठमोठी वळणं घेत धावत राहते. उंचीचं पुढे काय करायचं हे त्याला माहीत आहे.

पण मला जे सांगायचं आहे ते पिट्सबर्गजवळच्या केनीवुडबद्दल आणि त्याहूनही जास्त एलिसबर्गच्या 'कनोबल्स'बद्दल.

बालाजीच्या दर्शनाला आपण सगळे गेलो आहोत. १९७६ पासून ते देऊळ पेन हिल्सच्या टेकडीवर आहे आणि दहीभात खाऊन आपण परत हायवेला लागतो. तिथून थोड्याच अंतरावर, मनाँगाहेला नदीच्या काठी, केनीवुड आहे, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? १८९८ साली तिथल्या ट्रॉली कंपनीने ते सुरू केलं. कारण साधं होतं: आठवडाभर ट्रॉलीने गिरणीत जाणारी माणसं रविवारी घरी बसायची, म्हणून मार्गाच्या टोकाला बाग केली, म्हणजे रविवारीही तिकिटं खपतील. तेव्हा अमेरिकेत अशी शेकडो पार्कं निघाली. बहुतेक गेली, हे राहिलं. नदीपलीकडे ब्रॅडॉकचा कार्नेगीच्या काळातला पोलाद कारखाना दिसतो. त्या गावात कुणाच्या पँटची चेन उघडी राहिली तर चारचौघांत 'केनीवुड इज ओपन' असं म्हणून सावध करतात. एखादं पार्क भाषेत इतकं मुरलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

तिथला 'जॅक रॅबिट' १९२० सालचा, त्याच जॉन मिलरचा. आकडे पाहिले तर मुलं नाक मुरडतील, मोठा उतार सत्तर फुटांचा. पण केनीवुड घळीच्या काठावर आहे आणि मिलरने ती घळ वापरली. गाडी स्टेशनातून निघून साखळीने वर न जाता आधी घळीतच उतरते. साखळी मागाहून येते आणि खरा उतार त्यानंतर, तोही दोन पायऱ्यांचा. पहिल्या पायरीवर आपण सावरतो न सावरतो तोच खालून दुसरी पायरी काढून घेतल्यासारखी होते आणि सगळी गाडी एकदम उभी राहिल्यासारखी उचलली जाते. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसं पोटात होतं. शंभर वर्षांहून जुना विनोद, दर वेळी हसू येतं. 'थंडरबोल्ट'ही स्टेशनातून थेट घळीत उडी घेतो, आणि त्याच्यात एकट्या माणसाला बसू देत नाहीत, जोडीदार लागतो. १९२७ सालच्या 'रेसर'मध्ये दोन गाड्या शेजारून शर्यत लावतात आणि टाळ्या देता येतात इतक्या जवळून धावतात. रूळ मात्र एकच, पिळ घातलेला, त्यामुळे डाव्या बाजूने निघालेली गाडी उजव्या बाजूला परत येते. माझ्या इंजिनियर नवऱ्याने ते कागदावर काढून बघितल्याशिवाय विश्वास ठेवला नाही.

पोलादी गाड्या हव्याच असतील तर तिथे 'फँटम्स रिव्हेंज' आहे, २००१ पासूनचा. त्याचा दुसरा उतार पहिल्यापेक्षा मोठा, कारण पुन्हा तीच घळ. जागा जशी आहे तशी वापरायची, हे या पार्कचं शहाणपण आहे.

आता कनोबल्स. स्पेलिंग बघून कुणीही 'नोबल्स' म्हणेल, पण सुरुवातीच्या के-चा उच्चार करायचा असतो. कनोबल घराण्याचं हे पार्क १९२६ पासून चालू आहे, अजून त्याच घराण्याकडे आहे. झाडी दाट, मधून ओढा वाहतो, आणि मुख्य म्हणजे फाटक नाही. प्रवेशाला तिकीट नाही, पार्किंगलाही पैसे नाहीत. ज्याला ज्या राइडमध्ये बसायचं त्याने तेवढ्याचे पैसे द्यायचे.

ही गोष्ट किरकोळ नाही. माझ्या सासूबाई पहिल्यांदा आल्या होत्या तेव्हा एका नामांकित पार्कात आम्ही त्यांचं पूर्ण तिकीट काढलं. त्या दिवसभर बाकावर बसल्या, आणि रात्री रुपयांत हिशेब करून म्हणाल्या, "अगं, एवढ्या पैशात आमची अष्टविनायक यात्रा झाली असती." पुढच्या खेपेला त्यांनी येणंच नाकारलं. आपल्याकडे कितीतरी घरांत हे होतं: तिकीट महाग म्हणून आजी-आजोबा घरी राहतात, आणि मुलांच्या आठवणींमधून तो एक दिवस त्यांच्याविना वजा होतो. कनोबल्सला आम्ही त्यांना घेऊन गेलो तेव्हा त्या ओढ्याकाठच्या बाकावर बसल्या, डब्यातल्या दशम्या काढल्या, आणि दुपारी नातीबरोबर तिथल्या १९१३ सालच्या लाकडी घोड्यांवर बसल्या. फिरता फिरता हात लांब करून कडी ओढायची, पितळी कडी मिळाली तर एक फेरी फुकट. त्यांना मिळाली नाही, म्हणून पुन्हा बसल्या. आपल्या जत्रेतही दार नसतं. जो येतो तो जत्रेचा, पाळण्यात बसो वा न बसो.

आणि इथला 'फिनिक्स' हा माझ्या मते आपल्या टापूतला सर्वांत चांगला लाकडी कोस्टर. तो मूळचा टेक्सासचा. सॅन अँटोनियोच्या प्लेलँड पार्कात १९४० च्या दशकाच्या शेवटी 'रॉकेट' नावाने उभा राहिला. पार्क १९८० साली बंद पडलं आणि तो तसाच उभा होता. कनोबल मंडळींनी तो विकत घेतला, फळी अन् फळी सुटी करून, खुणा करून, ट्रकवर घालून पेनसिल्व्हेनियाला आणला आणि १९८५ साली पुन्हा जोडला. कोकणातला चौसोपी वाडा देशावर नेऊन उभारावा, तसं काम. नाव मग 'फिनिक्स'च ठेवायचं.

उंची अठ्ठ्याहत्तर फूट, म्हणजे 'किंगडा का'चा जेमतेम सहावा हिस्सा. आधी काळोखा बोगदा, मग साखळीचा चढ, मग उतार. पुढे लागोपाठ टेकाडं, आणि शेवटी शेवटी तर एकेका टेकाडावर माणूस अक्षरशः उडतो. मांडीवरची दांडी सैलसर असते, त्यामुळे उडायला जागा मिळते. ज्या वेळी बाकीचे कोस्टर दमून ब्रेककडे येतात त्या वेळी हा द्रुत लय धरतो. मधले थांबे, वळणं, सगळं मोजून मापून. १९४० च्या दशकात हर्बर्ट श्मेक यांनी आखलेलं हे गणित अजून एका फुटाने चुकत नाही.

याच घराण्याने 'फ्लाइंग टर्न्स' नावाचा एक विसरलेला प्रकार पुन्हा बांधला. रूळच नाही, गाडी लाकडी पन्हळीतून गडगडत जाते. २००६ ला हाती घेतलेलं काम २०१३ साली लोकांसाठी खुलं झालं. भागधारकांना तिमाही हिशेब देणाऱ्या कंपनीत इतका धीर कुणी धरला असता, असं मला वाटत नाही.

कारण दिवस तसे नाहीत. २०२४ च्या जुलैत सीडर पॉइंटवाले आणि सिक्स फ्लॅग्ज एक झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये मेरीलँडचं सिक्स फ्लॅग्ज अमेरिका बंद झालं. वॉशिंग्टनकडच्या आपल्या मुलांचा पहिला कोस्टर बहुधा तिथलाच. केनीवुड शतकभर स्थानिक घराण्यांकडे होतं, २००७ साली स्पॅनिश कंपनीकडे गेलं, २०२५ साली हर्शेंडकडे. कॉनिऑट लेकचा १९३८ सालचा 'ब्लू स्ट्रीक' २०२२ च्या जानेवारीत जळून गेला. लाकडी कोस्टरला दरवर्षी सुतार लागतात, फळ्या बदलाव्या लागतात. गर्दी आली नाही तर तो खर्च कोण करणार?

केनीवुडला वर्षानुवर्षं 'इटालियन डे', 'स्लोवाक डे' साजरे होत आले. गिरण्यांत काम करायला आलेल्या लोकांनी आपापले डबे, आपापली गाणी घेऊन यायचं. मग आपल्या मंडळाची उन्हाळी पिकनिक दरवर्षी त्याच काउंटी पार्कच्या त्याच शेडमध्ये का? कार्यकारिणीला माझी लेखी सूचना आहे: एक वर्ष कनोबल्सला नेऊन बघा. झाडीत पिकनिकची टेबलं आहेत, घरचं जेवण चालतं, मसालेभात आणि मठ्ठा न्यायला हरकत नाही. आजी-आजोबांचे पैसे वाचतील. हंगाम एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत असतो, पण रोज उघडं नसतं, तेवढं आधी पाहून ठेवावं.

आणि ज्यांना फिनिक्समध्ये बसायचं आहे त्यांनी सकाळी घाई करू नये. रात्री बसावं. दिवसभर धावून चाकं गरम झालेली असतात, गाडी जास्त वेगाने पळते. बोगद्यातून बाहेर पडलं की वर झाडांचे शेंडे आणि काळोख. पहिली रांग नको, शेवटची घ्या. पुढचे लोक उतार उतरून गेलेले असतात आणि मागच्यांना माथ्यावरून ओढून नेतात. चष्मा काढून खिशात, पर्स आजींकडे.