पॅरामेडिक-२ : निष्कर्षातलं एक ‘कारण’

हृदय बंद पडलं की अ‍ॅड्रेनॅलिन द्यायचं, हे अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टमध्ये कित्येक दशकं चालत आलंय. त्यानं हृदय परत सुरू होतं. पण मेंदूचं काय? ब्रिटनमधल्या पॅरामेडिक-२ ट्रायलनं (२०१८) हे तपासलं. रुग्णालयाबाहेर हृदय थांबलेले ८,०१४ रुग्ण, निम्म्यांना औषध, निम्म्यांना सलाइन. कुणाला काय मिळालं हे पॅरामेडिकलाही ठाऊक नाही. अशा घाईत इतका काटेकोर प्रयोग करणं खायचं काम नाही.

३० दिवसांनी जिवंत: अ‍ॅड्रेनॅलिन ३.२ टक्के, सलाइन २.४ टक्के. डिस्चार्जच्या वेळी मेंदूची स्थिती चांगली: २.२ आणि १.९ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. पेपर म्हणतो की हा फरक दिसला नाही, कारण अ‍ॅड्रेनॅलिन गटातल्या वाचलेल्यांत मेंदूला गंभीर इजा झालेले जास्त होते (३१ विरुद्ध १७.८ टक्के).

माझं भांडण या ‘कारण’शी आहे.

हे टक्के कशाचे? फक्त वाचलेल्यांचे: १२६ पैकी ३९ आणि ९० पैकी १६. रँडमायझेशन मात्र झालं होतं ४,०१५ आणि ३,९९९ जणांचं. सलाइनवर जे दगावले असते, असे काही जण औषधामुळे वाचले. त्यांचा मेंदू आधीच जास्त वेळ रक्ताविना राहिलेला असणार. मग हे दोन गट तुलनेचे राहिलेच कुठे? भाजक सगळे रुग्ण धरा. चांगल्या स्थितीतले ८७ विरुद्ध ७४, गंभीर इजा झालेले ३९ विरुद्ध १६. दोन्ही आकडे वाढलेत! औषधानं मेंदू बिघडवला, की आधीच बिघडलेल्या मेंदूची माणसं वाचवली, हे यातून कळत नाही. (प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रवाह घटलेला दिसलाय, पण तो पुरावा वेगळा.)

आणि ‘ठोस फरक नाही’ म्हणजे ‘फरकच नाही’ असं नव्हे. इथे ऑड्स रेशोचा कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.८६ ते १.६१ आहे. थोडं नुकसान ते बऱ्यापैकी फायदा, सगळं त्यात बसतं.

‘चांगली स्थिती’ची रेघही बघून घ्या: सुधारित रँकिन स्केलवर ३ पर्यंत. म्हणजे आधाराविना चालणारा, पण रोजच्या कामात मदत लागणारा माणूसही ‘चांगल्या’त.

शिवाय फोन आल्यापासून औषध मिळेपर्यंत साधारण २१ मिनिटं गेली होती. मेंदूला रक्ताविना काही मिनिटांतच इजा सुरू होते. त्यामुळे वॉर्डात तिसऱ्या मिनिटाला दिलेल्या डोसवर हा पेपर काहीच सांगत नाही.