आफ्रिकी-अमेरिकन इतिहासाची साधने आणि मराठी तौलनिक समीक्षा

आफ्रिकी-अमेरिकन इतिहासाशी मराठी विचारविश्वाचे नाते जुने आहे. महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडील निग्रोंच्या निवेदनाच्या प्रती मागविल्या. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. जनार्दन वाघमारे यांच्या 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' या ग्रंथाने मराठी अभ्यासकांना हा विषय विस्ताराने उपलब्ध करून दिला. तथापि, आपली तौलनिक समीक्षा बहुतांशी साहित्यकृतींपाशीच थांबली. साम्य आधी गृहीत धरावयाचे व उताऱ्यांनी ते सिद्ध करावयाचे, असा प्रघात पडला. मूळ साधने तेव्हा दुर्मीळ होती, ही सबब खरी होती. आज ती उरलेली नाही.

बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावीही संगणकावर द्यू बॉइस यांचा पत्रसंग्रह वाचता येतो. तो मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाने जतन केला आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये पूर्वाश्रमीच्या गुलामांची १९३६ ते १९३८ या काळात नोंदविलेली २,३०० हून अधिक कथने आहेत. ही कथने मात्र जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. मुलाखतकार बहुसंख्येने गोरे होते, निवेदक वृद्ध होते आणि मंदीच्या त्या काळात अनेकांची भिस्त सरकारी मदतीवर होती. चार्ल्स्टनच्या सुझन हॅमलिन यांचे उदाहरण या दृष्टीने मोलाचे आहे. गोऱ्या मुलाखतकार स्त्रीस त्यांनी आपला मालक भला होता असे सांगितले. ती बाई मदत कार्यालयातून आली आहे, असा त्यांचा समज होता आणि तिने तो दूर केला नाही. कृष्णवर्णीय मुलाखतकारापुढे त्याच वृद्धेने फटक्यांची आणि ताटातुटीची हकिगत सांगितली. दोन्ही नोंदी संग्रहात आहेत. एकच वाचणाऱ्यास गुलामगिरीचे निराळेच चित्र दिसेल!

प्रस्तुत लेखकास हा प्रश्न दूरदेशीचा वाटत नाही. निजामी राजवटीतील वेठबिगारीच्या आठवणी आपले विद्यार्थी वृद्धांकडून टिपून आणतात, तेव्हा विचारणारा कोणत्या घरचा, मुलाखत कोणाच्या ओसरीवर झाली, शेजारी कोण बसले होते, यांचा उल्लेख प्रकल्पवहीत क्वचितच आढळतो. निवेदकाचे नाव व वय यांसाठी रकाने असतात, मुलाखतकारासाठी नसतात.