हळद आणि हाडे : दावा किती, पुरावा किती?

‘हळदीने हाडे बळकट होतात’ हे वाक्य आता विज्ञानाच्या नावाने सांगितले जाते. ते तपासून पाहू.

हाड झिजवणाऱ्या अस्थिभक्षक पेशी प्रतिकारपेशींच्याच कुळातल्या. उत्तेजित टी-पेशी ‘रँक-एल’ हे प्रथिन बनवतात व त्यामुळे अस्थिभक्षक पेशी वाढतात, हे १९९९ साली दिसून आले. २००४ साली प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींमध्ये हळदीतील कर्क्युमिनने रँक-एलचा हा परिणाम रोखला. इथपर्यंत दावा खरा.

पण झीज थांबणे म्हणजे नवे हाड तयार होणे नव्हे. ते काम अस्थिजनक पेशींचे. शिवाय मोडलेले हाड सांधताना सुरुवातीचा दाह आवश्यकच असतो. प्रतिकारपेशी सरसकट शांत करणे हिताचे नाही. त्यात कर्क्युमिन आतड्यातून फारच थोडे शोषले जाते. कर्क्युमिनची एकही दुहेरी-अंध, तुलनात्मक चाचणी यशस्वी झालेली नाही, असे ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’तील २०१७ च्या आढाव्यात म्हटले आहे.

असा दावा वर्गात आला, की विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारायला शिकवावे : प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? हळद भाजीत जरूर असावी. तिच्या भरवशावर आजीचे हाडांचे औषध मात्र बंद होऊ नये.